फवारणीचा ड्रोन : उड्डाणापूर्वींची तपासणी व नित्याची निगा

भातावर औषध फवारण्याचें काम किती कष्टाचें आहे, हें ठाणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. भाद्रपदांत खाचरांत घोट्याहून वर चिखल असतो, भात दाट झालेलें असतें, पाठीवर पंधरा-सोळा लिटरांचा पंप असतो, आणि पावसाची उघडीप किती वेळ टिकेल याचा भरंवसा नसतो. तुडतुडे वाढूं लागले म्हणजे आठ दिवसांचा उशीर पीक घालवूं शकतो. नेमक्या त्याच वेळीं मजूर मिळत नाहीं. कारण कल्याण, डोंबिवली, भिवंडी, अंबरनाथ येथील कारखाने, गोदामें व बांधकामें यांनीं मनुष्यबळ आपल्याकडे ओढून घेतलें आहे. या अडचणींतून वाट काढण्यासाठीं मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांतील शेतकरी फवारणीच्या ड्रोनचा विचार करूं लागल्यास त्यांत नवल नाहीं.

यंत्र घेणें हें पैशाचें काम आहे. तें टिकविणें हें शिस्तीचें काम आहे. हवेंत उडणाऱ्या यंत्राचा एक स्वभाव असा कीं, जमिनीवरील यंत्राप्रमाणें तें बिघडल्यावर जागच्या जागीं थांबत नाहीं. तें खालीं येतें. पाण्याचा पंप बंद पडला तर एक पाळी चुकते. ड्रोन बंद पडला तर लाखो रुपयांचें यंत्र मोडतें, खालीं माणूस असेल तर त्याच्या जिवावर बेततें, आणि टाकींतील तीव्र औषध जेथें पडूं नये तेथें पडतें. पुष्कळसे बिघाड एखाद्या ढिल्या स्क्रूपासून, तडा गेलेल्या पात्यापासून किंवा फुगलेल्या बॅटरीपासून सुरू होतात, आणि ते जमिनीवर असतांनाच डोळ्यांस व बोटांस कळण्यासारखे असतात. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वीं काय पाहावें व काम संपल्यावर यंत्राची निगा कशी राखावी, याची माहिती या लेखांत क्रमानें दिली आहे.

यंत्राची ओळख

दुरून रेडिओनें चालविलेल्या हेलिकॉप्टरनें पिकावर औषध टाकण्याची पद्धति जपानांत रूढ झाली. यामाहा कंपनीनें १९८७ सालीं ‘आर-५०’ नांवाचें असें हेलिकॉप्टर तयार केलें. तें सुमारें २० किलो औषध वाहून नेई. पुढें १९९७ सालीं ‘आरमॅक्स’ हें त्याहून मोठें यंत्र निघालें. जपानांतील शेतीहि पुष्कळ अंशीं भाताची व लहान खाचरांची असल्यानें तेथें या यंत्रांचा प्रसार झाला. परंतु त्या हेलिकॉप्टरची निगा अवघड होती. एक मोठा पंखा, त्याच्या पात्यांचा कल सतत बदलणाऱ्या तरफा, शेपटाकडील दुसरा लहान पंखा, दांत्यांचीं चाकें आणि पेट्रोलचें एंजिन, इतक्या हलत्या भागांची झीज पाहत राहावें लागे.

आजच्या ड्रोनमध्यें चार किंवा सहा बाहू असतात व प्रत्येक बाहूच्या टोकाशीं एक मोटर आणि एक पंखा असतो. वर-खालीं, पुढें-मागें किंवा वळून जाणें हें सर्व त्या मोटरींचा वेग कमी-अधिक करून साधतें; हा हिशेब यंत्रांतील लहानसा संगणक दर सेकंदास अनेकदां करतो. हलते भाग कमी झाल्यानें निगा सोपी झाली, पण सावरण्यास जागाहि कमी उरली. चार पंख्यांच्या यंत्राचा एक पंखा उड्डाणांत बंद पडला तर तें बहुधा कोसळतेंच. सहा पंख्यांच्या यंत्रास सावरून उतरण्याची थोडी आशा असते.

बॅटरी

बॅटरी ही या यंत्राची बैलजोडी होय. उपाशी किंवा आजारी बैल औतास जुंपूं नये, हाच नियम येथें लागू आहे. या बॅटऱ्या लिथियम-पॉलिमर जातीच्या असून अनेक घट एकास एक जोडून बनविलेल्या असतात. एका घटाचा विद्युत्दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. बारा घटांची बॅटरी पूर्ण भरली म्हणजे ५०.४ व्होल्ट दाखविते आणि चौदा घटांची ५८.८ व्होल्ट. एकूण आकडा बरोबर आला म्हणून थांबूं नये. प्रत्येक घट निरनिराळा पाहावा. विश्रांतींत असतांना एखादा घट इतरांहून ०.०५ व्होल्टपेक्षां अधिक मागें राहत असेल, तर तो कमजोर होत चालला असें समजून त्या बॅटरीवर लक्ष ठेवावें. हा फरक दर वेळीं वाढत गेल्यास ती कामावरून काढावी.

बॅटरी हातांत घेऊन तिच्या चारी बाजू दाबून पाहाव्या. फुगवटा, चीर, गोडसर उग्र वास किंवा जोडाच्या पितळी टोकांवर जळल्याची काळी खूण दिसल्यास ती उड्डाणास लावूं नये. टोकें कोरड्या फडक्यानें पुसावीं आणि बॅटरी तिच्या जागीं घट्ट बसली, पट्टा किंवा कुलूप लागलें, याची हालवून खात्री करावी. उड्डाणांत सुटलेली बॅटरी म्हणजे सर्व मोटरी एकदम बंद.

उड्डाणानंतर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावूं नये. सावलींत पूर्ण निवूं द्यावी. ती चार्ज करण्याची जागा दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीची असावी. पेंढा, गवत, रॉकेल, खतांचीं पोतीं जवळ नसावीं, आणि चार्जर चालू असतां माणूस तेथून दूर जाऊं नये. रात्रीं चार्जर लावून झोपीं जाण्याची संवय सर्वांत घातक. अशी बॅटरी पेटली तर तिचा धूर विषारी असतो. तेव्हां प्रथम माणसें दूर करावीं. वाळूची बादली जवळ असल्यास आग पसरण्यास आळा बसतो. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकूं नये. बॅटरी-कचऱ्याविषयींच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून विक्रेत्यामार्फत ती परत करावी.

पातीं, मोटरी व सांगाडा

पात्याचें सामर्थ्य किती असतें हें एका साध्या हिशेबानें कळेल. तीस इंची पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाची गति ताशीं सुमारें ४३० किलोमीटर होते. अशा वेगांत केसाएवढी चीरहि वाढत जाऊन पातें तुटतें. प्रत्येक पात्याच्या दोन्ही कडांवरून बोट सावकाश फिरवावें. खवट, चीर, थर सुटणें किंवा पांढरी रेघ आढळल्यास तें बदलावें. चिकटपट्टी किंवा सरस लावून दुरुस्त केलेलें पातें वापरूं नये. एक पातें बदलतांना त्याचें जोडीदार पातेंहि बदलावें, म्हणजे तोल सारखा राहतो. कांहीं पंखे उजवीकडे व कांहीं डावीकडे फिरणारे असतात. त्यांची अदलाबदल झाल्यास यंत्र उठतांनाच उलटतें. बाहूवरील खूण व पात्यावरील खूण जुळवूनच तीं बसवावीं. घडीच्या पात्यांची खीळ इतकी घट्ट नसावी कीं पातें उघडणार नाहीं, आणि इतकी सैलहि नसावी कीं तें आपल्या वजनानें लोंबेल.

बॅटरी जोडण्यापूर्वीं प्रत्येक मोटर हातानें फिरवावी. ती सारख्या ओढीनें व आवाज न करतां फिरली पाहिजे. खरखर लागल्यास बेअरिंगमध्यें चिखल किंवा गंज शिरला असें समजावें. मोटर वर-खालीं किंवा बाजूस हलवून पाहिल्यावर खेळ जाणवतां कामा नये. आमच्या कोंकणच्या दमट हवेंत ही तपासणी अधिक अगत्याची आहे.

नंतर बाहू पाहावे. घडीच्या बाहूंचीं कुलुपें पूर्ण बसलीं काय, हें नुसतें पाहून कळत नाहीं. प्रत्येक बाहू धरून हलवावा. पाय वांकले आहेत काय, स्क्रू ढिले आहेत काय, वायरी कोठें घांसतात काय, हें पाहावें. ठोक्यांनीं व कंपानें स्क्रू ढिले होणें हा या यंत्राचा नित्याचा रोग आहे. म्हणून स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि पान्याशिवायहि बिघाड कळतो.

जागेची व हवेची पाहणी

यंत्र निर्दोष असलें तरी जागा वाईट असेल तर काम बिघडतें. आमच्या भागांत जागेचे तीन शत्रू आहेत : तारा, झाडें व दाट वस्ती.

कल्याणजवळचें पडघें हें विजेचें मोठें केंद्र आहे. चंद्रपूरहून येणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी १९९९ सालापासून तेथें येऊन मिळते, आणि इतरहि उच्च दाबाच्या वाहिन्या भातशेतांवरून गेलेल्या आहेत. तारेस यंत्र लागण्याचा धोका उघड आहे, पण दुसरा धोका लपलेला असतो. एकदिश प्रवाहाभोंवतीं स्थिर चुंबकीय क्षेत्र तयार होतें. तें पृथ्वीच्या चुंबकत्वांत मिसळून यंत्रांतील होकायंत्रास चकविते. दिशा चुकलेला ड्रोन आपण सरळ जात आहों अशा समजुतीनें भलतीकडे ओढला जातो. यास्तव मनोऱ्यांच्या वाहिनीखालील खाचरें ड्रोननें फवारूं नयेत; तेथें पाठीवरचा पंपच बरा. घरगुती व कृषिपंपांच्या साध्या तारा तर दुरून दिसतहि नाहींत. म्हणून नव्या शेतांत प्रथम पायीं फेरी मारावी, खांब मोजावे आणि कोणत्या खांबापासून कोणत्या खांबाकडे तार जाते हें कागदावर काढून घ्यावें.

झाडांविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. रेडिओचा संबंध तुटला किंवा बॅटरी उतरली तर यंत्र आपोआप निघाल्या ठिकाणीं परत येतें. हें परतणें ठरविलेल्या उंचीवरून व सरळ रेषेंत होतें. ती उंची वाटेंतील सर्वांत उंच ताडाहून किंवा आंब्याहून कमी असेल तर यंत्र त्या झाडावर आदळेल. म्हणून परतीची उंची प्रत्येक शेतास निराळी ठरवावी.

कल्याण-डोंबिवलीच्या कडेला, २७ गांवें म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांत, भाजीचे मळे आणि उंच इमारती एकमेकांस लागून आहेत. पुष्कळ ड्रोनचे रिमोट ज्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यांत चालतात, त्याच पट्ट्यांत घरोघरचीं वाय-फाय यंत्रेंहि चालतात. त्या गर्दींत रेडिओचा पल्ला घटतो, आणि इमारतींच्या भिंती उपग्रहाचे संकेत अडवितात. शिवाय गच्चीवर व वाटेवर माणसें असतात. अशा ठिकाणीं इमारतींपासून दूरचाच भाग घ्यावा, आणि तोहि जागा मोकळी असल्यास.

उड्डाणासाठीं खळ्यासारखी सपाट जागा चांगली. मात्र तेथें पेंढा पडलेला नसावा, तो पंख्यांत ओढला जातो. खालीं फळी किंवा जाड ताडपत्री अंथरून तिचीं टोकें दगडांनीं दाबावीं. लोखंडी पत्रे, बोअरचे पाइप व ट्रॅक्टर यांच्याजवळ होकायंत्र जुळवूं नये.

वारा ताशीं दहा किलोमीटरांहून अधिक असल्यास फवारणी करूं नये. पानें सतत हालूं लागलीं व बारीक फांद्या डोलूं लागल्या म्हणजे ती मर्यादा ओलांडली असें धरावें. अगदीं सकाळीं किंवा दुपार उतरल्यावर काम घ्यावें. भर उन्हांत बारीक थेंब पिकावर पडण्यापूर्वींच सुकतात. सरीचा रंग दिसत असल्यास टाकी भरूंच नये. त्यांत औषधहि वाहून जातें व यंत्रहि भिजतें.

टाकी, नोझल व मापाचें गणित

पाठीवरच्या पंपानें एकरीं दीड-दोनशें लिटर पाणी लागतें. ड्रोननें सुमारें दहा लिटरांत एकर होतो. औषधाची एकरीं मात्रा तीच राहते, पाणी तेवढें कमी होतें. म्हणजे ड्रोनच्या टाकींतील द्रावण पंधरा-वीस पट तीव्र असतें. पाठीवरच्या पंपाचा नोझल गळला तर फारसें बिघडत नाहीं. ड्रोनचा नोझल गळला तर त्याखालचें पीक करपतें, आणि तेंच थेंब ओढ्यांत गेले तर मासे मरतात. उल्हास नदीचें पाणी कल्याण-डोंबिवलीचे लोक पितात, व भातसेचें पाणी ठाणें-मुंबईस जातें. आपलीं शेतें त्यांच्याच पाणलोटांत आहेत, हें क्षणभरहि विसरतां कामा नये.

तपासणी नेहमीं स्वच्छ पाण्यानें करावी. टाकींत दोन लिटर पाणी घालून पंप जमिनीवरच चालवावा. नळ्यांच्या जोडांस गळती आहे काय, सर्व नोझल सारखे फवारतात काय, आणि पंप बंद करतांच थेंब थांबतात काय, या तीन गोष्टी पाहाव्या. तुंबलेला नोझल मऊ ब्रशानें साफ करावा. तारेनें टोंचूं नये आणि तोंडानें तर कधींच फुंकूं नये.

मग माप घ्यावें. समजा, पट्ट्याची रुंदी ४ मीटर आणि यंत्राची गति सेकंदास ४ मीटर आहे. तर एका सेकंदांत १६ व एका मिनिटांत ९६० चौरस मीटर क्षेत्र होतें, म्हणजे सुमारें साडेनऊ गुंठे. चाळीस गुंठ्यांच्या एकरास ४.२ मिनिटें लागतील. त्या वेळांत दहा लिटर पडावयाचे तर मिनिटाला सुमारें २.४ लिटर, आणि चार नोझल असल्यास प्रत्येकीं सुमारें ६०० मिलिलिटर पडले पाहिजेत. प्रत्येक नोझलखालीं मापाचें भांडें धरून एक मिनिट पंप चालवावा. ५४० ते ६६० मिलिलिटरांच्या आंत न बसणारा नोझल साफ करावा. तरीहि न सुधारल्यास बदलावा. समजा चौघांचें मिळून मिनिटाला २ लिटरच पडले, तर एकरास ८.४ लिटरच जातील, कीड पुरती मरणार नाहीं, आणि दोष मात्र औषधास लागेल.

औषध कोणतें घ्यावें हें वेष्टणावरील सूचनेवरून व कृषि-अधिकाऱ्यास विचारून ठरवावें; ड्रोननें फवारण्यास मान्यता असलेलेंच औषध वापरावें. द्रावण बादलींत आधीं पूर्ण मिसळून, गाळून मगच टाकींत घालावें. भुकटीच्या गाठी हें नोझल तुंबण्याचें मुख्य कारण होय. हातमोजे, मुखपट्टी व चष्मा हीं ड्रोन चालवितांनाहि आवश्यक आहेत, कारण द्रावण तयार करणारा माणूस सर्वांत तीव्र औषधाजवळ असतो.

उड्डाणाचा क्रम

येथवर सर्व ठीक असल्यास पुढील क्रमानें उड्डाण करावें. हा क्रम मोडूं नये.

१. माणसें, मुलें व गुरें निदान वीस मीटर दूर करावीं. एका सोबत्यास केवळ आजूबाजूस पाहण्यासाठीं उभें करावें. चालकानें वाऱ्याच्या वरच्या बाजूस राहावें.

२. प्रथम रिमोट चालू करावा, मग यंत्राची बॅटरी जोडावी. उतरल्यावर उलट क्रम : प्रथम यंत्राची बॅटरी काढावी, मग रिमोट बंद करावा. रिमोट आधीं बंद केला तर यंत्र धन्याशिवाय जागें राहतें.

३. पडद्यावर बॅटरीचा दाब, उपग्रहांची संख्या व होकायंत्राची स्थिति पाहावी. यंत्र दूरच्या गांवीं नेलें असल्यास होकायंत्र पुन्हां जुळवावें. उपग्रहांचा मेळ पुरता बसला व ‘घर’ म्हणून हीच जागा नोंदली गेली असें दिसेपर्यंत थांबावें. मिनिटभर वाट पाहण्यास कंटाळूं नये.

४. यंत्र दोन-तीन मीटर उचलून अर्धा मिनिट एकाच जागीं ठेवावें. तें डळमळतें काय, एका बाजूस सरकतें काय, नेहमींहून निराळा आवाज येतो काय, हें पाहावें. चारी दिशांस थोडें थोडें हालवून त्याचें ऐकणें तपासावें. शंका आल्यास उतरवावें. उतरविलेलें यंत्र तपासतां येतें, पडलेलें यंत्र केवळ मोजतां येतें.

५. फवारणी पिकाच्या वर दोन ते तीन मीटर उंचीवरून करावी. ओढा, विहीर, तळें, गोठा व मधमाश्यांच्या पेट्या यांपासून पुरेसें अंतर सोडावें. शेजाऱ्यांना व ग्रामपंचायतीला आदल्या दिवशीं कळविण्याची चाल ठेवावी.

६. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत ओढूं नये. सुमारें एक-चतुर्थांश शक्ति शिल्लक असतांना यंत्र उतरवावें. भरलेल्या टाकीचें यंत्र रिकाम्या यंत्राहून फार अधिक वीज खातें; म्हणून मिनिटांवर न विसंबतां दाबाच्या आकड्यावर लक्ष ठेवावें.

७. उतरतांच, पंखे पूर्ण थांबल्यावर व बॅटरी काढल्यावर, हाताच्या पाठीनें प्रत्येक मोटर चाचपावी. सर्व सारख्या कोमट असाव्या. एकच इतरांहून फार गरम असेल तर तिचें बेअरिंग, पातें किंवा जोड बिघडत आहे. ही तपासणी फुकटची आहे व पुष्कळ सांगून जाते.

काम संपल्यावर

दिवसाचें काम संपल्यावर टाकी तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवावी आणि प्रत्येक वेळीं तें पाणी पंपानें व नोझलांतून बाहेर काढावें. धुण्याचें पाणी ओढ्यांत किंवा विहिरीजवळ टाकूं नये. त्याच शेतावर फवारावें. गाळणी व नोझल निराळे काढून धुवावे. औषध आंत सुकूं दिल्यास पंपाचा पडदा व नळ्या कडक होतात.

यंत्राच्या बाहेरील भागावर पिचकारी किंवा नळाचा जोर मारूं नये. ओल्या फडक्यानें चिखल व औषध पुसावें, मग कोरड्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावें. जोडांच्या रबरी टोप्या नीट बसवाव्या. यंत्र खतांच्या किंवा औषधांच्या खोलींत ठेवूं नये. खतें हवेंतील ओल ओढतात व त्यांच्या क्षारांनीं जोड गंजतात. उंदरांपासूनहि जपावें, कारण वायरीचें वेष्टण कुरतडण्यास त्यांस एक रात्र पुरते.

भाताचा हंगाम संपल्यावर मुरबाड-शहापुराकडे भेंडी, काकडी अशीं भाजीचीं पिकें घेतात. त्यांवरहि यंत्र चालवावयाचें असल्यास हंगाम बदलतांना पूर्ण तपासणी करून घ्यावी. बराच काळ काम नसल्यास बॅटऱ्या पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या करून ठेवूं नयेत. एका घटास ३.८ ते ३.८५ व्होल्ट या मापानें त्या थंड, कोरड्या जागीं ठेवाव्या आणि महिन्यांतून एकदां तपासाव्या. पूर्ण भरून चार महिने ठेवलेली बॅटरी मृगाच्या तोंडावर बाहेर काढली तर फुगलेली आढळण्याचा संभव फार.

रोजच्या तपासणींत सुटणाऱ्या गोष्टींसाठीं आठवड्यांतून एक दिवस ठेवावा. त्या दिवशीं सर्व स्क्रू पान्यानें पाहावे, गाळणीची जाळी उजेडांत धरावी, नळ्या वांकवून चिरा शोधाव्या आणि नोझलांचें माप पुन्हां घ्यावें. यंत्र एकदां जरी आपटलें असेल, तरी बाहेरून कांहीं दिसो वा न दिसो, जाणत्या कारागिराच्या तपासणीवांचून तें पुन्हां औषध घेऊन उडवूं नये.

कायद्याच्या गोष्टी

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजीं अंमलांत आले. हवेचे तांबडा, पिवळा व हिरवा असे तीन पट्टे पाडलेले असून उड्डाणापूर्वीं सरकारी नकाशा पाहणें या नियमांनींच बंधनकारक केलें आहे. म्हणजे तोहि तपासणीचाच भाग झाला. हिरव्या पट्ट्यांत ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाहीं, आणि चालत्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांमधील भागांत ही मर्यादा २०० फुटांची आहे. फवारणी त्याहून पुष्कळच खालीं होते. परंतु तांबड्या पट्ट्यांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून उंची कितीहि कमी असली तरी उडवितां येत नाहीं. अंबरनाथचा शस्त्रास्त्र कारखाना, नेवाळीची जुनी धावपट्टी, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ हीं स्थळें आपल्या परिसरांतच आहेत. म्हणून गेल्या वर्षीं चाललें तें यंदाहि चालेल असें न धरतां नकाशा दर वेळीं पाहावा.

यंत्रास नोंदणी-क्रमांक व विमा असावा. चालक १८ ते ६५ वर्षांचा, दहावी उत्तीर्ण आणि मान्य संस्थेंत शिकून प्रमाणपत्र मिळविलेला असावा. भरलेलें वजन २५ किलोपर्यंत असल्यास यंत्र ‘लहान’ व त्यापुढें १५० किलोपर्यंत ‘मध्यम’ गणलें जातें. प्रमाणपत्र त्या वर्गाचें आहे ना, हें पाहावें. अपघात झाल्यास ४८ तासांच्या आंत सरकारास कळवावें लागतें.

नोंदवही व संस्थेचें काम

एकट्या शेतकऱ्यास हें यंत्र परवडणें कठीण. केंद्र सरकारनें २०२२ सालीं जाहीर केलेल्या मदतींत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या अवजार-केंद्रास किंमतीच्या ४० टक्के, पण चार लाखांपर्यंत, अनुदान ठेविलें होतें; महिला बचतगटांसाठीं २०२३ सालीं मंजूर झालेल्या योजनेंत ८० टक्के, पण आठ लाखांपर्यंत. अशा मदतीनें यंत्र सामाईक झालें म्हणजे एक नवा धोका येतो. अनेकांचें यंत्र कोणाचेंच नसतें. सकाळीं एकानें आपटलेलें यंत्र दुपारीं दुसरा निःशंकपणें उडवितो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे नोंदवही. यंत्राबरोबर एक जाड वही बांधलेली असावी. तींत प्रत्येक उड्डाणाची तारीख, शेत, चालक, बॅटरीचा क्रमांक, आधींचा व नंतरचा दाब, नोझलांचें माप, वापरलेलें औषध, आणि आढळलेला लहानमोठा दोष लिहावा. बॅटऱ्यांवर क्रमांक रंगवावे, म्हणजे कोणती किती वेळां वापरली हें कळेल. यंत्र आपटलें असेल तर तसें लिहिणाऱ्यास दंड नसावा. न लिहिणाऱ्यास मात्र असावा. वहींत सही झाल्याशिवाय पुढच्या शेतकऱ्याच्या हातीं रिमोट देऊं नये.

या सर्व तपासणीस पहिल्या दिवशीं अर्धा तास लागेल. हात बसल्यावर दहा मिनिटें पुरतात, आणि पुढच्या प्रत्येक उड्डाणाच्या आधीं फक्त बॅटरी, पातीं, बाहूंचीं कुलुपें व नोझल एवढेंच पुन्हां पाहावें लागतें. पोळ्याच्या दिवशीं आपण बैलांचे खांदे शेकतो, लोण्याहळदीनें मळतो. वर्षभर ओढलेल्या जूंवाची जाणीव त्यांत असते. यंत्रास पूजा नको, पण तितकीच लक्षपूर्वक निगा हवी; आणि ती वर्षांतून एकदां करून भागत नाहीं, उड्डाणागणिक केली पाहिजे.